शनिवारचा मुक्काम

निलेश परब हा माणूस वाईट नव्हता, पण चिवट असा की विचारू नका. विमा कंपनीच्या अंधेरीतल्या ऑफिसात तो समोर येऊन बसला की माधुरी खंडारेला वाटायचं, ह्याला लहानपणी कुणी 'बरं, असू दे' म्हणायला शिकवलंच नाही की काय! करारासाठी ही तिसरी बैठक, आणि गाडी त्याच एका मुद्द्यावर अडून बसलेली.

"मॅडम, दराचं नंतर बोलू. आधी मला एवढंच सांगा," असं म्हणून त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "तुमच्याकडे पेशंट एक दिवस जास्त का राहतो? आजार तोच, ऑपरेशन तेच. दुसऱ्या हॉस्पिटलातला माणूस घरी जाऊन वरणभात खातो आणि तुमचा अजून खाटेवर. कागदावर काय, तर 'निरीक्षणासाठी ठेवलं.' अहो, कसलं निरीक्षण करता? आकाशातले तारे मोजता?"

माधुरीला राग आला. मुलुंड, घाटकोपर आणि बोरिवली अशा तीन ठिकाणी त्यांची हॉस्पिटलं होती, आणि सगळ्या विमा कंपन्यांशी करार करायचं काम तिच्याकडे होतं. वाटाघाटीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण ज्याचं कारण आपल्यालाच ठाऊक नाही त्यावर भांडायचं तरी कसं?

"आमचे डॉक्टर काळजी घेतात," ती म्हणाली.

"घेऊ देत की. बिल आम्हाला का लावतात?" परबने लॅपटॉप मिटला. "सरळ सांगतो मॅडम, राग मानू नका. ह्याचा उलगडा झाला नाही, तर महिनाअखेरीला करार संपेल तो संपेल. एक तारखेपासून कॅशलेस बंद."

कॅशलेस बंद म्हणजे काय, हे ज्याने कधी आपलं माणूस अ‍ॅडमिट केलंय त्याला सांगायला नको. कार्ड दाखवलं आणि खाट मिळाली, हे विसरायचं. आधी सगळे पैसे भरा, मग कंपनीच्या दारात मागत बसा. ज्याला ते झेपत नाही त्याने दुसरं हॉस्पिटल शोधावं. आणि माधुरीच्या घरातच एक माणूस असं होतं, ज्याला आता दुसरं हॉस्पिटल शोधायची ताकद उरली नव्हती.

ते माणूस म्हणजे प्रांजल, तिच्या भावाची, मिथुनची बायको. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा हातचं गेलं. दुसऱ्या वेळी तर ही पोरगी महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. मग मुलुंडला माधुरीच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर मानसी केळुसकरांनी तिला हाताशी धरलं. हे खा, ते खाऊ नको, रड हवं तर पण तपासणी चुकवू नको, असं करत करत नववा महिना आणला. बाळंतपण अवघड, सिझेरियन ठरलेलं, तारीख पुढल्या महिन्यातली. मिथुन भिवंडीला एका गोदामात सुपरवायझर. त्याच्या कंपनीने उतरवलेला विमा कुणाचा, तर नेमका ह्या परबच्या कंपनीचा!

त्या संध्याकाळी माधुरी घाटकोपरला घरी आली तेव्हा प्रांजल ओट्याशी स्टूल घेऊन मेथी निवडत बसली होती. नणंदेचा चेहरा बघून ती समजायचं ते समजली.

"ताई, डॉक्टर बदलावी लागेल का?" तिने मेथीकडे बघतच विचारलं.

"छे! कोण म्हणतं?"

"तसं असेल तर आत्ताच सांगा. मला ऐनवेळी नको. केळुसकर मॅडम नसतील तर मला..." तिने हातातली मेथीची काडी उगाचच मोडली.

आतून सोनूबाई, माधुरीची आई, पदराला हात पुसत आली. "एवढी शिकलीस सवरलीस, त्या एका बाप्याला तुला पटवता येईना?"

"आई, तो पटणाऱ्यातला नाही गं."

"मग त्याचं काय म्हणणं आहे ते तरी ऐक. माणूस उगाच अडून बसत नाही. त्याचं काहीतरी दुखत असतं."

आईचं हे असंच. दोन इयत्ता शिकलेली, पण सल्ला द्यायची वेळ आली की थेट न्यायाधीश. माधुरीने जेवण ढकललं. मनात मात्र एकच घोळत होतं. परबचं म्हणणं खरं असलं तर? आपले डॉक्टर खरंच बिल फुगवायला लोकांना डांबून ठेवत असतील तर? तिचे वडील, भीमराज, शेवटच्या आजारात ह्याच हॉस्पिटलात होते, आणि तिथे कुणी त्यांच्याशी खोटं बोललं नव्हतं म्हणून तर तिने ही नोकरी धरली होती. त्या जागेबद्दल असा संशय यावा, याचंच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने थेट हॉस्पिटलच्या प्रमुखांना, डॉक्टर चंद्रप्रकाशना गाठलं. त्यांनी हात झटकले. "निरीक्षण म्हणजे निरीक्षण! माझे डॉक्टर काय चोर आहेत?"

"मी तसं म्हटलं नाही सर. पण तो विचारतोय आणि माझ्याकडे उत्तर नाही."

"त्याला म्हणावं, तू एमबीबीएस हो, मग विचार."

झालं! असली उत्तरं घेऊन करार होत असते तर काय हवं होतं. शेवटी माधुरीने परबला फोन करून सांगितलं, "तुम्हीच मुलुंडला या. वॉर्ड बघा, डॉक्टरांना विचारा. लपवण्यासारखं काही असेल तर मलाही कळू दे." तो शनिवारी यायला तयार झाला. म्हणाला, दुपारी बोरिवलीला घरचं थोडं काम आहे, सकाळी येतो.

शनिवारी सकाळी चंद्रप्रकाशांच्या केबिनमध्ये चौघं बसले. परब, माधुरी, चंद्रप्रकाश आणि केळुसकर मॅडम. चहा आला, बिस्किटं आली, आणि गाडी पुन्हा त्याच रुळावर. एक दिवस जास्त का? चंद्रप्रकाशांचा आवाज चढायला लागला. परबचा चढला नाही, पण त्याने पेन खिशाला लावलं. माधुरीने घाईने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. एकदा हा उठून गेला की संपलंच.

तेवढ्यात परबचा फोन वाजला. त्याने कापला. परत वाजला. परत कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर तो "सॉरी हां, आई आहे" म्हणून उचलायला गेला, आणि घाईघाईत बोट भलतीकडेच लागून फोन स्पीकरवर गेला.

"निलेशा!" म्हातारीचा खणखणीत मालवणी आवाज केबिनभर घुमला. "माका आज घराक न्हेव नको हां! सांगून ठेवतंय!"

"आये, डॉक्टरान सोडल्यानी ना तुका? मी दुपारी येतंय न्हेवक." परब स्पीकर बंद करायला धडपडत होता आणि गडबडीत त्याचा आवाजच वाढवत होता.

"आज वार खंयचो? शेनवार! शेनवारी घराक गेलेला माणूस परत हॉस्पिटलाची पायरी चढता. तुझ्या बापाशीक शेनवारीच घराक हाडलेलंस ना? मगे काय झाला? इसारलंस?"

परबचा हात थांबला. चिवट माणूस तो, पण त्या एका वाक्याने त्याचा चेहरा पार उतरला.

"नाय आये," तो हळूच म्हणाला. "इसारलंय नाय."

"मगे उद्या ये. हयसरची नर्स बरी हा, म्हणता, आजी ऱ्हवा तुम्ही, मी डॉक्टरांका सांगतंय. बोरिवलीतला हॉस्पिटल एकदम बेस्ट!" आणि म्हातारीने फोन ठेवला.

चंद्रप्रकाशांनी कप खाली ठेवला. मग चंद्रप्रकाशांनी विचारलं, "बोरिवलीतलं कुठलं हॉस्पिटल, परबसाहेब?"

"तुमचंच," परब म्हणाला. "तिला दुसरं नकोच होतं."

माधुरी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. "एक मिनिट. शनिवारचं काय? शनिवारी घरी गेलं तर काय होतं?"

तिघांनीही तिच्याकडे असं बघितलं की जणू ती परदेशातून आलीय. पण तिचा काय दोष! खंडाऱ्यांच्या घरी वार दोनच, कामाचा आणि सुट्टीचा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी शकुन-अपशकुन सगळे गावच्या नदीत सोडून दिले होते. अमावस्येला नवीन कपडे घालू नयेत, हे तिला कॉलेजात गेल्यावर मैत्रिणीकडून कळलं होतं.

"शनिवारी डिस्चार्ज घेतला तर परत यावं लागतं, असं म्हणतात," केळुसकर मॅडम म्हणाल्या. "अमावस्येलाही नको म्हणतात."

"आणि मग तुम्ही काय करता?"

"करणार काय? मोठी हॉस्पिटलं सरळ खाट रिकामी करायला लावतात. आमच्याने होत नाही. ओली बाळंतीण हात जोडून 'आजचा दिवस राहू द्या' म्हणते, तिला काय हाकलू?" मॅडमचा आवाज जरा चढला. "आणि कंपनीच्या फॉर्मात 'शनिवार' असा रकाना आहे का? नाही ना? मग लिहितो, निरीक्षणासाठी ठेवलं."

परबने लॅपटॉप उघडला. बराच वेळ तो काहीतरी खालीवर करत राहिला. मग कपाळाला हात लावून बसला. "शनिवारच आहेत हो सगळे. आणि अमावस्या. च्यायला, इतके दिवस मी आजारांच्या नावांनी शोधत बसलो. वार लावून बघायचं डोक्यातच आलं नाही."

आता बघा गंमत. माधुरीच्या घरात ही गोष्ट नव्हतीच, म्हणून तिला दिसली नाही. आणि परबच्या घरात ती इतकी होती, की त्यालाही दिसली नाही. रोज उंबरा ओलांडणाऱ्याला उंबरा कुठे दिसतो?

खात्री करायला म्हणून दोघं वर वॉर्डात गेले. खिडकीजवळच्या खाटेवर काशीराम आजोबा पाय हलवत पेपर वाचत बसले होते. हर्नियाचं ऑपरेशन होऊन खडखडीत झालेले.

"आजोबा, डॉक्टरांनी सोडलं ना?" माधुरीने विचारलं.

"कालच सोडलं! पण मुलगा काल येऊ शकला नाही, आणि आज बाई शनिवार. उद्या नाश्ता करून निघतो." त्यांनी परबकडे बघितलं. "हे कोण? डॉक्टर?"

"विम्याचे आहेत."

"अरे वा! छान आहे हो तुमचा विमा. राहू देतो."

परबला हसावं की रडावं कळेना. माधुरीला मात्र हसू फुटलं, ते आवरेचना. मग तोही हसला. चार बैठकांत पहिल्यांदा.

खाली आल्यावर चंद्रप्रकाशांनी तिला दाराआड ओढलं. त्यांचे डोळे चमकत होते. "आता धर त्याला! स्वतःची आईच फुकटचा दिवस राहतेय! त्याच्या साहेबांना कळलं तर त्याची वाट लागेल. म्हणावं, गुपचूप सही कर."

"नाही सर," माधुरी म्हणाली. "ते मी करणार नाही."

"अगं, तुझ्या भावजयीचं बाळंतपण..."

"म्हणूनच नाही. त्याच्या आईच्या भीतीवर पाय देऊन मला प्रांजलची खाट नको." बोलून गेल्यावर तिचे तिलाच कान गरम झाल्यासारखे वाटले, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. "आणि सर, चूक आपलीही आहे. निरीक्षण नव्हतं, आणि आपण निरीक्षण लिहिलं. खोटं ते खोटंच."

चंद्रप्रकाशांनी दार उघडून तिला वाट दिली. रागीट माणूस होता, पण आडमुठा नव्हता.

मग कँटीनमध्ये बसून खरं बोलणं झालं. परबने आधीच सांगून टाकलं, "शनिवारचा पैसा कंपनी देणार नाही. माझ्या आईचासुद्धा नाही, तो मी भरीन."

"देऊच नका," माधुरी म्हणाली. "आपण मुळातच बदलू. ऑपरेशनची तारीख ठरवताना डॉक्टर फक्त ऑपरेशनचा दिवस बघतात. घरी जायचा दिवस कुठला येतो तोही बघायचा. घरच्यांना आधीच विचारायचं, वार पाळता का? पाळत असतील तर शनिवार येणारच नाही अशी तारीख द्यायची. हे बहुतेकांचं जमेल."

"आणि ज्यांचं नाही जमणार? अपघात, ताप, बाळंतपण?"

"त्यांना आम्ही ठेवू. तळमजल्यावर जुना वॉर्ड रिकामा पडलाय. डॉक्टर नाही, औषध नाही, नुसतं अंथरूण आणि चहा. तुम्हाला बिल नाही, पेशंटलाही नाही. कागदावर स्पष्ट लिहायचं, घरच्यांच्या इच्छेने मुक्काम."

"फुकट?" चंद्रप्रकाश ओरडले.

"सर, आजवर खोटं लिहून ठेवत होतो. आता खरं लिहून ठेवू. नाव होईल हॉस्पिटलचं." मग ती परबकडे वळली. "पण त्याच्या बदल्यात दर आहेत तेच राहतील. आणि कॅशलेस एक दिवसही बंद पडणार नाही."

परबने चहाच्या ग्लासातली साय काढली. "वर काय सांगू? आईने शिकवलं?"

"खरं तेच सांगा. तेही कुठल्यातरी आईचे मुलगे असतील."

त्यानंतरचे दिवस माधुरीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. परबचा फोन येईना. केला तर 'वर पाठवलंय' एवढंच. घरी प्रांजल बाळाच्या कपड्यांच्या घड्या घाली, मोडी, परत घाली, आणि एका शब्दाने विचारत नसे. ते न विचारणं माधुरीला जास्त टोचायचं. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपार टळली. तिने दुसऱ्या हॉस्पिटलचा नंबर काढून समोर ठेवला, आणि फोन उचलणार तोच परबचा निरोप आला. करार सही होऊन आला होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'आई विचारते, तुमची वहिनी कशी आहे?' त्या शनिवारी वॉर्डातून उतरताना हसता हसता तिने त्याला प्रांजलचं सांगितलं होतं खरं. माधुरी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि मग घरी फोन लावला.

सिझेरियन ठरवताना केळुसकर मॅडमनी नव्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "वार पाळता का?" सोनूबाई ठसक्यात म्हणाली, "आमच्यात तसलं काही नाही. बाळ नीट येऊ द्या म्हणजे झालं." प्रांजल काही बोलली नाही.

मुलगी झाली. टपोऱ्या डोळ्यांची, आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातली बाळं गप्प व्हावीत. मिथुन मोठमोठ्याने रडला आणि सगळ्यांनी त्याला खूप चिडवलं. चार दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "दोघी झकास आहेत. आज घरी जा."

तो शनिवार होता.

मिथुन रिक्षा बघायला गेला. सोनूबाईने पिशव्या भरल्या. आणि प्रांजलने बाळाला छातीशी घट्ट धरून माधुरीची ओढणी ओढली. "ताई, आजचा दिवस राहू या? खालच्या वॉर्डात?"

माधुरीला आधी वाटलं, ही थट्टा करतेय. मग तिने प्रांजलचे डोळे बघितले. त्यात वार नव्हता की अमावस्या नव्हती. त्यात दोन बाळं होती, जी घरी आलीच नव्हती. तेव्हा कुठे माधुरीला परबची आई कळली, काशीराम आजोबा कळले, हात जोडणाऱ्या त्या सगळ्या बाया कळल्या. अंधश्रद्धा म्हणून ती मनात त्यांना हसली होती. एकदा गमावलं की दुसऱ्यांदा जपताना माणूस कशाकशाला घाबरतं, हे तिला आत्ता समजलं.

"राहू या की," ती म्हणाली. "मी खाली सांगून येते."

"थांब." सोनूबाई खाटेवर सुनेच्या शेजारी बसली. नेहमीचा ठसका नव्हता आवाजात. "पोरी, तुला राहायचं तर मी पण इथेच पथारी टाकते. पण एक सांगू? तुझा नवरा शनिवारीच घरी आणलेला आहे. सातव्या महिन्यातला होता, उंदराएवढा. बाया म्हणाल्या, नको नेऊ सोनू, जगायचा नाही. ह्याचा बाप म्हणाला, ज्या दिवशी आपलं लेकरू घरी येतं तो वार चांगला. घेऊन आलो. आता बघ, दारात रिक्षावाल्याशी भांडतोय."

खरंच, खालून मिथुनचा आवाज येत होता. "मीटरने चल ना यार!"

प्रांजलला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. तिने बाळाकडे बघितलं, मग सासूकडे. "चला," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची आजी नातवाला मांडीवर घेऊन हे सगळं ऐकत होती. ती सुनेला म्हणाली, "गो, ही निघाली. मग आपण कित्याक बसलाव?"

घाटकोपरला दाराशी आल्यावर सोनूबाईने सगळ्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं. आत जाऊन आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, दार मागे लोटून. तुकडा तिने बाळंतिणीवरून आणि बाळावरून तीनदा ओवाळला आणि लांब भिरकावून दिला. मग दोघींच्या डोळ्यांना पाणी लावलं.

माधुरी बघतच राहिली. "आई! हे काय? शनिवार चालतो, आणि हे?"

"हे वाराचं नाही," सोनूबाई बाळाला हातात घेत म्हणाली. "हे आजीचं आहे. तू गप बस आणि दार उघड."